सर्जन झालात, आता टीम बांधा: बेळगाव सीमाभागात नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी

एम.एस.च्या तीन वर्षांत हात तयार होतो. हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय, आतड्याची जोडणी. प्रत्येक वेळी कुणीतरी वरिष्ठ समोर असतं आणि चुकलं तर हात धरतं. पण आठची केस साडेदहाला टेबलावर का आली, रात्री दोनला पेशंटचा रक्तदाब घसरत असताना ड्यूटी डॉक्टरनं तुम्हाला फोन का केला नाही, चांगली सिस्टर वर्षाच्या आत नोकरी सोडून का गेली, हे शिकवायला कुणी समोर नसतं. निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर किंवा बेळगाव शहरातल्या पन्नास खाटांच्या हॉस्पिटलात रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात हे प्रश्न अंगावर येतात. तिथं विभागप्रमुख नसतो. तुम्हीच विभाग असता.

माझं मत आधीच सांगून टाकणं बरं. सर्जनचं नेतृत्व मोजायची कसोटी एकच: तुमच्या ओटीतला, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधला, सर्वांत खालच्या हुद्द्याचा माणूस तुम्हाला तोंडावर ‘थांबा’ म्हणू शकतो का? म्हणू शकत असेल तर बाकीचं जमत जातं. म्हणू शकत नसेल तर तुमचा हात कितीही गोड असो, एक दिवस रक्त टिपायचा मॉप पोटात राहणार.

या विषयाची शिस्तशीर मांडणीही झालेली आहे. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी सर्जनांना सोबत घेऊन ‘नॉट्स’ नावाची पद्धत तयार केली. चाकू-टाक्यांपलीकडच्या कौशल्यांचे त्यात चार गट आहेत: परिस्थितीचं भान, निर्णय, संवाद आणि एकत्र काम, आणि नेतृत्व. प्रत्येकाला एक ते चार गुण. आठवड्यातली एक केस निवडून घरी बसून स्वतःला गुण द्या, आणि महिन्यातून एकदा भूलतज्ज्ञाला तुमचे गुण द्यायला सांगा. दोन्ही आकड्यांत अंतर पडेल. काम त्या अंतरावर करायचं आहे.

पहिला पंधरवडा: काही बदलू नका

नवीन ओटी बघितली की हात शिवशिवतात. ट्रॉली इकडं हवी, लाइट असा हवा, आमच्या कॉलेजात असं नव्हतं. हे तोंडातून काढू नका. हॉस्पिटल तुमच्या आधीही चालत होतं. कसं चालत होतं ते आधी बघा.

कपाटाच्या किल्ल्या कुणाकडं असतात? हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचे ड्रम किती वाजता लागतात? वीज गेली की जनरेटर सुरू व्हायला किती वेळ लागतो आणि तो सुरू कोण करतं? रात्री दोन पिशव्या ओ निगेटिव्ह रक्त लागलं तर ते कुठून येतं, किती वेळात, आणि आणायला जातं कोण? अचानक ओटी उघडायची तर कुणाकुणाला घरून बोलवावं लागतं, आणि ती माणसं हाकेच्या अंतरावर राहतात की शेवटची बस पकडून गावी जातात? ही उत्तरं एका वहीत लिहा. सगळी उत्तरं एका माणसाकडून मिळणार नाहीत, आणि तीच तर गंमत आहे: विचारत फिरताना माणसं कळतात.

एक गोष्ट हमखास कळेल. दारावरच्या पाटीवर नाव कुणाचंही असो, ओटी प्रत्यक्षात चालवणारा माणूस वेगळाच असतो. बहुतेक वेळा ती वीस वर्षं तिथंच असलेली सिस्टर असते, नाहीतर टेक्निशियन. त्यांना वळसा घालून कुठलाही बदल टिकत नाही. त्यांच्याशी सल्लामसलत करून आणलेला बदल तुम्ही रजेवर असतानाही चालतो.

वॉर्डातल्या मावशी, स्ट्रेचर ढकलणारे काका, लॅबमधली पोरं, सिक्युरिटीवाला, सगळ्यांची नावं पाठ करा. पेशंट जेवलाय की उपाशी आहे, रात्री किती वेळा उलटी झाली, नातेवाइकांत कुजबुज काय चाललीय, हे तुमच्याआधी मावशींना कळतं. पण त्या सांगतील तेव्हाच, जेव्हा तुम्ही उभं राहून ऐकता हे त्यांना माहीत असेल.

ओटीत भाषा कुठली?

हा प्रश्न पुण्यातल्या सर्जनला पडत नाही, आपल्याला पडतो. ऑपरेशनमध्ये हत्यारं हाती देणारी स्क्रब सिस्टर गोकाकची, घरी कन्नड. टेक्निशियन दखनी हिंदीत बोलणारा. दुसरी सिस्टर केरळची. भूलतज्ज्ञ मराठी, पेशंट चंदगडहून आलेला, आणि ड्यूटी डॉक्टर सौंदत्तीचा. रोजच्या गप्पा कुठल्याही खिचडी भाषेत चालू द्या, त्यातच मजा आहे. मात्र घाईच्या वेळचे शब्द ठरवून टाका. सक्शन, मॉप, क्लॅम्प, रक्त मागवा, सीनियरना बोलवा, थांबा: हे सहा-सात शब्द सगळ्यांनी एकाच रूपात वापरायचे आणि एकाच रूपात ऐकायचे. महिन्यातून एकदा चहाच्या वेळी त्यांची उजळणी करा.

तुम्ही मराठी असाल तर कन्नड शिका, कामापुरतं तरी. ‘होट्टी ब्यानी’ (पोटदुखी) कुठं आहे हे दुभाष्याविना विचारता यायला हवं. सिस्टरला हुकूम सोडतानाही मागं आदराचा ‘री’ लावायची सवय करा. ‘बर्री’ (या), ‘हेळ्री’ (सांगा) म्हणणाऱ्या डॉक्टरचं काम आपुलकीनं होतं. सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असो, ते ओटीच्या चपला बदलण्याच्या जागेबाहेर ठेवा. स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तो विषय येऊ द्यायचा नाही, हा नियम स्वतः पाळा आणि मग इतरांना सांगा.

संमतीपत्राची गोष्ट याहून गंभीर. फॉर्म इंग्रजीत, पेशंट मराठी, समजावणारी सिस्टर कन्नड, आणि सही थोरल्या दिरानं केलेली, असं चित्र इथं सर्रास दिसतं. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये स्पष्ट केलं की तपासणीसाठी दिलेली संमती उपचाराला चालत नाही, आणि जीवघेणी घाई नसेल तर शुद्धीवर येऊ शकणाऱ्या सज्ञान रुग्णाच्या वतीनं दुसऱ्यानं दिलेली परवानगीही चालत नाही. त्या प्रकरणात परवानगी प्रत्यक्ष आईनं दिलेली होती. तेव्हा मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत फॉर्म छापून घ्या, पेशंटला तिच्या भाषेत समजावा, आणि काय समजलं ते तिच्याच तोंडून वदवून घ्या. सही तिची. दिराची हवी तर साक्षीदार म्हणून.

चाकू लावण्याआधीचं एक मिनिट

या लेखातलं एकच काही उचलायचं असेल तर हे उचला.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये शस्त्रक्रिया-सुरक्षेची चेकलिस्ट आणली. मुद्दे १९, थांबे तीन: भूल देण्याआधी, चाकू लावण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर नेण्याआधी. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीचंही एक होतं. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ वर आलं, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर. मग कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतानं ती सगळीकडं सक्तीची केली. तिथल्या १०१ हॉस्पिटलांचा अभ्यास २०१४ मध्ये आला, आणि फरक जवळपास काहीच नव्हता.

कागद तोच, निकाल वेगळे. त्याची कारणं अभ्यासक अजून चघळतायत, पण आपल्याकडच्या फायली उघडल्या की मला एक कारण लगेच दिसतं. टिकमार्क सगळे एकाच पेननं, एकाच तिरकेपणानं, केस संपल्यावर केलेले. असा कागद कोर्टातही कामाला येत नाही आणि ओटीतही.

करायचं कसं? सुरुवात सर्जननं स्वतः करायची, सिस्टरवर ढकलायची नाही. सगळ्यांचे हात थांबलेले, फोन बाजूला, गाणी बंद. प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, आणि सुरुवात सर्वांत नव्या माणसापासून. रोज तीच माणसं असली तरी. नाव सांगताना माणसाचं तोंड एकदा उघडलं की पुढं गरज पडल्यावर दुसऱ्यांदा उघडणं सोपं जातं. सगळा खटाटोप त्यासाठी आहे. मग पेशंटचं नाव, ऑपरेशन कुठलं, बाजू कुठली. हर्निया उजवा की डावा याची खूण पेशंट जागा असताना, त्याला विचारून, कातडीवर केलेली असली पाहिजे. मग तुम्ही सांगायचं: मला कुठं रक्तस्रावाची भीती वाटते, किती वेळ लागेल, अडचण आली तर पुढची चाल काय. भूलतज्ज्ञानं त्यांची काळजी सांगायची. सिस्टरनं ऑटोक्लेव्हच्या पट्टीचा रंग बदललेला पाहिला का ते सांगायचं.

शेवटचा प्रश्न नीट विचारा. ‘सगळं ठीक ना?’ असं विचारलंत तर उत्तर एकच येणार, ‘हो सर’. ‘कुणाला काय खटकतंय?’ असं विचारा आणि तीन सेकंद गप्प राहा. ते तीन सेकंद फार लांब वाटतात. वाटू द्या.

एक अधिकार स्क्रब सिस्टरला उघडपणे, सगळ्यांसमोर द्या: हे बोलणं झाल्याशिवाय चाकू सर्जनच्या हातात द्यायचा नाही. तुम्ही मागितलात तरी नाही. पहिल्या काही दिवसांत मुद्दाम एकदा घाईनं चाकू मागून बघा. तिनं नकार दिला तर सगळ्यांसमोर शाबासकी द्या. दिला नाही, तर अजून काम बाकी आहे असं समजा.

शंका काढायची भाषाही आधी ठरवून द्या. धाकट्या माणसाला वरिष्ठासमोर वाक्य सुचत नाही, म्हणून ते तयार हवं. पहिली पायरी, ‘सर, मला काळजी वाटतेय’. दुसरी, ‘सर, हे बरोबर वाटत नाही’. तिसरी, ‘थांबा’. तिसऱ्याला तुम्ही थांबायचंच, चर्चा मागाहून.

आणि कसोटीचा दिवस येतो. पोट बंद करताना सिस्टर हळूच म्हणते, ‘डॉक्टर, थांबा की जरा, एक मॉप कमी लागतोय.’ तुम्हाला पक्कं ठाऊक असतं की आत काही नाही. भूलतज्ज्ञांना दुसऱ्या हॉस्पिटलात जायचंय. अर्ध्या तासानं मॉप बादलीच्या मागं सापडतो. त्या क्षणी तुमच्या तोंडातून काय निघतं त्यावर पुढची पाच वर्षं ठरतात. ‘बघितलंस? उगाच वेळ घालवलास’ म्हणालात, तर पुढच्या वेळी खरोखर आत राहिलेल्या मॉपच्या वेळी ती गप्प बसेल. ‘बरं केलंत सांगितलंत’ एवढंच पुरे, आणि तेही चेहऱ्यावर आठ्या न घालता.

रक्त सुटलं की

बोटानं दाबून धरा आणि बोला. मनातल्या मनात झगडणारा सर्जन टीमला निरुपयोगी. ‘रक्तस्राव होतोय, मी दाबून धरलंय, दोन मिनिटं मी काही करणार नाही, तोवर तुम्ही पुढं जा’, हे मोठ्यानं आणि शांत आवाजात. भूलतज्ज्ञाला सलाइन आणि रक्तासाठी सवड मिळते, तुम्हाला डोकं ठिकाणावर आणायला.

हुकूम हवेत सोडू नका. ‘कुणीतरी रक्त आणा’ म्हटलं की कुणीच जात नाही. नाव घ्या: ‘बसव्वा सिस्टर, रक्तपेढीला फोन, दोन पिशव्या.’ तिनं तेच परत म्हणायचं, आणि काम झालं की येऊन सांगायचं. दुसऱ्या सर्जनला बोलवायचं तर लवकर बोलवा. गावात दुसरा सर्जन म्हणजे स्पर्धक, त्याला कसं बोलवायचं, असा अहंकार छोट्या शहरांत फार. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यातच त्या दोघा-तिघांना घरी जाऊन भेटा, चहा घ्या, ‘रात्री-अपरात्री हाक मारली तर याल का, मीही येईन’ असं बोलून ठेवा. हत्यारं फेकणारे, शिव्या देणारे सर्जन आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांचा हात चांगला होता म्हणून लोक सहन करत. आता कुणी सहन करत नाही, आणि करूही नये.

यादी, वेळ आणि ऊस

छोट्या हॉस्पिटलांत भूलतज्ज्ञ बहुधा बाहेरून येणारे असतात, सकाळी तुमच्याकडं, दुपारी दुसरीकडं. त्यांचा वेळ हा तुमच्या ऑपरेशनच्या यादीचा कणा. आदल्या संध्याकाळी सहापर्यंत पक्की यादी त्यांच्या फोनवर गेलीच पाहिजे: वय, वजन, आजार, तपासण्या. लहान मूल आणि मधुमेही आधी, पू असलेली केस शेवटी.

प्रत्येक केसच्या तीन वेळा फळ्यावर लिहायला लावा: पेशंट आत आला, चाकू लागला, पेशंट बाहेर गेला. महिनाभरानं वेळ कुठं गळते ते दिसेल. माझ्या पाहण्यात पहिली केस उशिरा सुरू होण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे स्वतः सर्जन.

यादीला हंगामही असतो. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऊसतोड चालते आणि चिकोडी, रायबाग, अथणी, निपाणीच्या रस्त्यांवर रात्री दिव्याविना ट्रॅक्टर-ट्रॉल्या धावतात. टोळ्या बाहेरगावच्या, जखमीसोबत कागद नाही, पैसा नाही, ओळखीचं कुणी नाही. त्या महिन्यांत यादी गच्च भरू नका आणि रक्ताचा साठा आधी बघा. सौंदत्तीची यल्लम्मा यात्रा, बेळगावचं गणेश विसर्जन, शिवजयंतीची मिरवणूक, या दिवशी रस्ते तुंबतात. ऐच्छिक केस लावू नका. पावसात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा फुगतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये तर निपाणीजवळ पुणे-बेंगळूर महामार्गच बंद पडला होता. आणि सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबतात. गडहिंग्लजचा पेशंट टाके काढायला येणार कसा, याचा विचार त्याला डिस्चार्ज देतानाच करून ठेवा. गावाजवळच्या डॉक्टरच्या नावानं चिठ्ठी दिलीत की काम भागतं.

नातेवाईक

इथं पेशंट एकटा येत नाही. भावकी येते, पै-पाहुणे येतात, पंचायतीचा सदस्य येतो, आणि एक जण असा असतो ज्याचा पेशंटशी संबंध शेवटपर्यंत कळत नाही. सगळ्यांना वेगवेगळं सांगत बसलात तर संध्याकाळपर्यंत वॉर्डात पाच गोष्टी फिरतात.

पहिल्याच भेटीत विचारा, ‘निर्णय कोण घेणार?’ पेशंट शुद्धीत असेल तर निर्णय त्याचा, हे आधी सांगून. मग घरातला एक माणूस ठरवून घ्या. आपल्या भागात हा माणूस पुष्कळदा हजर नसतो. खानापूरच्या गावांतली पोरं गोव्यात कामाला. कित्येक घरांतला मुलगा फौजेत, कुठं लेहला, कुठं आसामात. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव आहे शेवटी. अशा वेळी फोन स्पीकरवर लावा, म्हातारीच्या देखत बोला, आणि काय बोलणं झालं ते वेळेसह केसपेपरवर लिहा.

रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, बसून बोला. उभ्यानं जिन्यात बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. पाच मिनिटं पुरतात. वाईट बातमी असेल तर सिस्टरना सोबत घ्या आणि पहिल्या दोन वाक्यांत खरं काय ते सांगा. प्रस्तावना लांबली की भीती वाढते. ‘काळजी करू नका’ म्हणू नका. आतड्याची जोड सुटू शकते हे ऑपरेशनच्या आधी सांगितलं तर ती माहिती असते, नंतर सांगितलं तर सबब वाटते.

जमाव वाढायला लागला तर तुम्ही स्वतः लवकर पुढं या. ज्युनिअरला पुढं करून खोलीत बसणारा सर्जन टीम कायमची गमावतो. हल्ल्याविरुद्ध कर्नाटकात २००९चा कायदा आहे, त्याची पाटी दर्शनी भागात असू द्या, पोलीस ठाण्याचा नंबर रिसेप्शनवर असू द्या. पण तणाव पाटीनं उतरत नाही, तो डॉक्टर दिसल्यानं उतरतो. मृत्यू झाला तर बिलासाठी मृतदेह अडवायचा नाही. खासगी वैद्यकीय संस्थांच्या कायद्यात २०१७च्या दुरुस्तीनंतर हे स्पष्ट आहे, आणि कायदा नसता तरी हेच बरोबर ठरलं असतं. बिलिंगच्या माणसाला हे आधीच बजावून ठेवा. तो रात्री एकटा असतो आणि मालकाला घाबरून चुकतो.

योजनांचा गुंता

कंटाळवाणं आहे, पण पेशंटचं घर वाचतं ते इथं. कर्नाटकातल्या कार्डधारकासाठी आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक: दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, इतरांना खर्चाच्या ३० टक्के आणि कमाल १.५ लाख. घाईची केस नसेल तर सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. ती आदल्या दिवशी आणायला सांगितलं नाही तर केस आणि यादी दोन्ही कोलमडतात. सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी यशस्विनी आहे, माजी सैनिकांसाठी ईसीएचएस. चंदगड, आजरा, गडहिंग्लजहून येणाऱ्यांकडं महाराष्ट्राचं कार्ड असतं, तिथली महात्मा फुले योजना वेगळी. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ती ८६५ सीमागावांनाही लागू करायचं ठरवलं. तुमचं हॉस्पिटल यांतल्या कुठल्या यादीत आहे आणि कुठल्या ऑपरेशनसाठी, हे हॉस्पिटलात योजनांचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राशेजारी एक दुपार बसून समजून घ्या. पेशंटला ‘काउंटरवर विचारा’ म्हणणारा सर्जन अर्धंच काम करतो.

पुढं पाठवायचं तर

आपल्या हॉस्पिटलात काय करायचं नाही याची यादी थंड डोक्यानं, दिवसाउजेडी तयार करा. रात्री दोनला ती सुचत नाही. बेळगाव शहरात जिल्हा रुग्णालय आणि मोठी मेडिकल कॉलेजं आहेत, पण अथणी-कागवाडकडून मिरज जवळ पडतं, आणि निपाणीहून कोल्हापूर. राज्याची हद्द बघू नका, रस्ता बघा. दोन्हीकडच्या १०८ सेवा वेगळ्या आहेत, तेव्हा खासगी कार्डिअ‍ॅक अ‍ॅम्ब्युलन्सचे दोन-तीन नंबर हाताशी असू द्या.

पाठवण्याआधी तिकडच्या सर्जनशी स्वतः बोला. क्रम ठेवा: आत्ता काय होतंय, पेशंट कोण आणि काय झालं, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. चार वाक्यं. आणि रक्तस्राव थांबवल्याशिवाय, श्वासनलिका सांभाळल्याशिवाय गाडीत घालायचं नाही. अपघाताच्या केसमध्ये आधी उपचार, पोलिसांचे कागद मग. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच हे सांगून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी फोन करून पेशंटचं काय झालं ते विचारा आणि तुमच्या ड्यूटी डॉक्टरला सांगा. त्याला वाटतं पाठवलं म्हणजे संपलं.

महिन्याची बैठक

सहाव्या महिन्यापर्यंत ही सुरू झाली पाहिजे. बॉस्टनचा अर्नेस्ट कॉडमन हा सर्जन प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवायचा आणि वर्षानं पुन्हा तपासायचा, ऑपरेशननं फायदा झाला की नाही, नसेल तर का. १९११ ते १९१६ मध्ये त्याच्या स्वतःच्या हॉस्पिटलातल्या ३३७ पेशंटांमागं त्यानं १२३ चुका नोंदवल्या आणि छापून जगजाहीर केल्या. सहकाऱ्यांनी त्याला वाळीत टाकलं, ते सोडा. पद्धत त्याची घ्या.

महिन्यातले सगळे मृत्यू, परत उघडलेली पोटं, पिकलेल्या जखमा, पुन्हा भरती झालेले पेशंट. तासाभरात संपवा. पहिली केस तुमचीच मांडा. ‘कुणी केलं’ हा प्रश्न बाद; ‘कशामुळं घडू शकलं’ एवढंच विचारायचं. जखमा जास्त पिकल्या तर चर्चा सिस्टरच्या हातांवर जाते. ती ऑटोक्लेव्हवर, अँटिबायोटिकच्या वेळेवर, दाढीच्या ब्लेडनं केस काढण्यावर आणा. मावशींनाही बोलवा, त्या कन्नडमध्ये बोलल्या तर कुणीतरी मराठीत सांगेल. उठण्याआधी एकच बदल ठरवा, करणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा. चार बदल ठरवलेत तर एकही होत नाही.

ज्युनिअर आणि रात्रीचा फोन

ड्यूटी डॉक्टर बी.ए.एम.एस. असो की पी.जी., त्याला फोन करायची भीती तुमच्या आवाजातून मिळते. कधी फोन करायचाच हे लिहून नर्सिंग स्टेशनवर लावा: नाडी १२० च्या वर, वरचा रक्तदाब ९० च्या खाली, लघवी तासाला ३० मिलीपेक्षा कमी, ड्रेनमध्ये (पोटातून बाहेर काढलेल्या नळीत) लाल रक्त, किंवा ‘मला बरं वाटत नाहीय’ असं पेशंट पुन्हा पुन्हा म्हणतोय. शेवटच्या कारणासाठीही फोन आला तर जा. शिकवताना काम तुकड्यानं सोपवा: आज त्वचा, पुढच्या महिन्यात हर्नियाची पिशवी, मग पूर्ण केस. आणि कुठल्या टप्प्यावर तुम्ही चाकू परत घ्याल हे सुरू करण्याआधी सांगा, म्हणजे परत घेताना त्याचा पाणउतारा होत नाही. रागवायचं तर दार लावून, कौतुक करायचं तर वॉर्डात.

स्वतःचं हॉस्पिटल काढायचं मनात असेल तर

निदान तीन वर्षं थांबा, असं माझं म्हणणं. तोवर हिशेब वाचायला शिका: दर महिन्याचा पगार, ऑक्सिजन, जैव कचरा उचलणाऱ्याचं बिल, कर्जाचा हप्ता, आणि योजनेचे पैसे येईपर्यंत तग धरायला लागणारी गंगाजळी. इमारतीआधी माणसं ठरवा. एक भूलतज्ज्ञ, एक अनुभवी सिस्टर आणि एक हिशेबनीस यांनी ‘येतो’ म्हटल्याशिवाय जागेचा व्यवहार करू नका. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती कायद्यानं लागते, आणि ती नावापुरती नको. रात्रपाळीच्या मुलींना तिथं जायची वाट माहीत हवी. दरपत्रक भिंतीवर, मराठीत आणि कन्नडमध्ये. भागीदार घेणार असाल तर नफा कसा वाटायचा यापेक्षा वेगळं कसं व्हायचं ते करारात आधी लिहून घ्या, आणि तो करार दोघांच्याही बायको-नवऱ्यांना वाचायला द्या.